कोणाचे वडील

साकोलीतल्या अकरा महिन्यांतले सहा महिने मी वडील होतो. तेव्हा माझं वय एकवीस, लग्न झालेलं नव्हतं, आणि ज्या धर्माच्या कामासाठी मी तिथं गेलो होतो त्यानं दोन वर्षं मुलींकडं फार वेळ बघायचीसुद्धा मनाई केलेली होती. तरी बस स्टँडपासून तहसीलपर्यंत निम्मं गाव मला वडील म्हणूनच ओळखायचं. यात माझा दोष थोडाच आहे. जेवढा आहे तेवढा सांगतो.

आम्हाला लोक मॉर्मन म्हणतात, म्हणजे जिथं आम्ही ठाऊक आहोत तिथं म्हणतात. साकोलीत कोणी काहीच म्हणत नव्हतं. आमच्यात पोरगा अठरा-वीस वर्षांचा झाला की दोन वर्षं घर सोडून सेवेला जातो. कुठं जायचं ते वरून ठरतं. पांढरा शर्ट, टाय, काळी पँट, छातीवर नावाची काळी पाटी. चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही, सिनेमा नाही. घरी फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. आणि सोबत एक जोडीदार, ज्याला आंघोळीची वेळ सोडली तर नजरेआड होऊ द्यायचं नाही. माझा जोडीदार राजमहेंद्रीकडचा तेलुगू होता. माझ्याहून वीतभर उंच, दोन वर्षांनी लहान, आणि मराठी शब्दकोशातून शिकलेला. पहिल्या दिवशी घरमालकांच्या उंबऱ्यापाशी उभं राहून तो म्हणाला होता, "कृपया द्वार उघडावे." दार उघडंच होतं.

माझं घर पिंपरीत. मी अकरा वर्षांचा असताना आई आणि मी या धर्मात आलो, तिच्या एका नर्स मैत्रिणीमुळं. पप्पा आले नाहीत. ते लेथवर काम करायचे, कमी बोलायचे, आणि घरात काय चाललंय ते त्यांना पेपरातल्या बातमीसारखं दुसऱ्या दिवशी कळायचं. डिप्लोमा झाल्यावर मी नोकरी न धरता सेवेला जायचं ठरवलं, तेही त्यांना असंच कळलं. आईनं सांगितलं. ते म्हणाले, "मला विचारलं नाही ना? मग आता सांगू पण नका." त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. स्टेशनवरही आले नाहीत. दर सोमवारी मी फोन करायचो, आई उचलायची, आणि मागं टीव्हीचा आवाज वाढायचा. रोज सकाळी गुडघे टेकून मी स्वर्गातल्या पित्याशी बोलायचो. तो काही समोरून उत्तर देत नाही, पण मला ते जड गेलं नाही. घरी सराव झालेला होता.

हे विनोदानं लिहितोय खरं, पण तेव्हा हसू येत नव्हतं. दोन वर्षांनी घरी गेलो तर दार कोण उघडेल आणि उघडल्यावर काय बोलेल, हा विचार करत मी झोपायचो. माझ्या सगळ्या प्रार्थनांत एकच मागणं होतं. पप्पांनी एकदा बोलावं, मग शिव्या दिल्या तरी चालतील.

साकोलीला आम्हाला पाठवायचं कारण म्हणजे तिथं आमच्या पंथाचं एक कुटुंब होतं. बँकेतले गृहस्थ, बायको, दोन मुली. आम्ही पोचलो आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांची बदली झाली. वरिष्ठांना कळवलं, तर ते म्हणाले, देवाची काहीतरी योजना असेल, तुम्ही थांबा. मग आम्ही थांबलो. दारोदार फिरून धर्म सांगायचा नाही, कोणी बोलावलं तरच जायचं, अशी आम्हाला सक्त ताकीद होती, आणि बोलावत कोणी नव्हतं. दर रविवारी वरच्या खोलीत आम्ही दोघंच उपासनेला बसायचो. तो प्रवचन करायचा, मी ऐकायचो. मग मी करायचो, तो ऐकायचा. नंतर वर उपस्थिती कळवायची: दोन. एका रविवारी मालकांची शेळी जिना चढून दारात आली आणि भजन संपेपर्यंत उभी राहिली. जोडीदारानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हिला पाहुण्यांत धरायचं का?" मी चिडलो. मला तेव्हा फार लवकर राग यायचा.

घरमालक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. वय एकाहत्तर, अंगानं काटकुळे, आवाज अजून भरल्या गाडीतला. मुलं नागपूर-हैदराबादला, घरात ते आणि त्यांची बायको. आम्ही त्यांना काका-काकू म्हणायचो. गावापासून कोसभरावर काकांचं धानाचं शेत होतं. त्या वर्षी रोवणीला बायामाणसं मिळेनात, म्हणून आम्ही दोघं हात लावायला गेलो. पाटीशिवाय घराबाहेर पडायचं नाही हा नियम मी गरजेपेक्षा जास्त पाळायचो, म्हणून चिखलाच्या बांधीत, म्हणजे खाचरातही, छातीवर पाटी लावूनच उतरलो. ती चुंबकानं चिकटते. तिसऱ्या ओळीला वाकलो आणि पाटी चिखलात गेली. अर्धा तास चाचपडलो, रोवलेले दोन हात धान उपटले गेले, शेवटी काकांनी मला कॉलर धरून बांधावर बसवलं.

पाटीवर आमच्या आडनावाआधी 'एल्डर' लिहिलेलं असतं. ती पदवी आहे, वयाशी तिचा संबंध नाही. बंगळुरूच्या आमच्या कचेरीतून नवी पाटी मागवली. कुरिअर साकोलीऐवजी सांगोल्याला गेलं. पुन्हा पाठवलं, तेही सांगोल्यालाच गेलं आणि तिथं कोणीतरी सही करून घेतलं. माझ्या नावाचा एखादा एल्डर आजही सांगोल्यात फिरत असेल तर मला नवल वाटणार नाही. शेवटी वरिष्ठ म्हणाले, तिथंच एक करून घ्या.

बस स्टँडसमोर नंबरप्लेट आणि रबरी शिक्के करणारं दुकान होतं. मी दोन पावलांवर फोनवर वरिष्ठांशी बोलत होतो आणि जोडीदार दुकानदाराला समजावत होता. दुकानदार म्हणाला, "इंग्रजी कोन वाचते जी अठी? मराठीत करून देतो. एल्डर म्हंजे काय?" जोडीदारानं पाठीवरच्या बॅगेतून शब्दकोश काढला, पान शोधलं आणि बोट ठेवून वाचलं, "वडील." पुढं वडीलधारा, ज्येष्ठ असंही होतं, पण दुकानदाराला पहिलाच शब्द पुरला.

दुसऱ्या दिवशी पाटी मिळाली. वर ठळक 'वडील', त्याखाली माझं आडनाव, आणि आमच्या चर्चचं नाव लांबलचक असल्यामुळं ते तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. लांबून फक्त 'वडील' दिसायचं. मी जोडीदाराकडं पाहिलं.

"चूक आहे?" त्यानं विचारलं.

"वडील म्हणजे फादर."

त्यानं जरा विचार केला. "मग आपल्याला कॅथलिक समजतील," तो म्हणाला.

कॅथलिक कोणी समजलं नाही. सगळे एकच विचारायचे, "कोनाचे वडील?" किराणा दुकानात विचारलं, सलूनमध्ये विचारलं, लाखनीच्या बसमध्ये एका बाईनं विचारलं आणि मी "कोणाचेच नाही" म्हटल्यावर ती हळहळली. म्हणाली, "होईल जी, एवढ्यात कायले मन छोटं करता." तहसील कार्यालयातल्या शिपायानं दोघांना आत नेऊन बसवलं आणि साहेबांना सांगितलं, "वडील आले आहेत, पोरगा मागून येऊन राहिला." आम्ही तिथं फक्त पाणी प्यायला गेलो होतो.

एका शाळेच्या फाटकात तर मुख्याध्यापकांनी मला हाताला धरून आत नेलं. पालकसभा होती आणि नेहमीप्रमाणं नुसत्या आया आल्या होत्या. वरून आदेश होता की वडिलांचा सहभाग दिसला पाहिजे, फोटो पाहिजे. त्यांनी माझ्या छातीकडं पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मी सांगू लागलो की मी त्या अर्थानं नाही. ते म्हणाले, "अर्थाचं नंतर पाहू, अगोदर बसा." जोडीदार मला सोडून बाहेर थांबू शकत नव्हता, म्हणून तोही आत आला. त्याला काका म्हणून बसवलं. दीड तास आम्ही पाढ्यांविषयी ऐकलं. आमचा फोटो निघाला. खोटं बोलायचं नाही ही आमची पहिली शिकवण, आणि मी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो. पाटीच बोलत होती.

या सगळ्यात सगळ्यांत जास्त मजा आमच्या कंडक्टरकाकांना आली. पाटी पाहिली त्या संध्याकाळीच त्यांनी हात जोडले. "आमचे वडील आले," ते शेजाऱ्यांना म्हणाले, "मी एकाहत्तर वर्षं वाट पाहून राहिलो होतो." मग रोज सुरू झालं. वडील, जेवून घेऊ का? वडील, बाजारात जाऊन येऊ का? काकू सत्तरीला टेकलेल्या, पण त्यांनीही डोक्यावर पदर घेतला आणि मला "मामाजी, वरन वाढू का?" विचारायला लागल्या. सासऱ्याचा मान म्हणून पहिलं ताट मला. जोडीदाराला त्यांनी चुलतसासरा करून टाकलं. तो मनापासून खूश होता. त्याचं मराठी त्या घरात इतकं सुधारलं की महिन्याभरात तो "काहून जी" आणि "हाव ना" असं बोलू लागला, आणि लोक मलाच म्हणायचे, तुम्ही पुस्तकातलं बोलता, हा लंबा मात्र आपल्याकडचा वाटते.

काका दिवसाला एक कट्टा बिडी ओढायचे. एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी बिडी काढली आणि नेहमीच्या थट्टेत विचारलं, "वडील, एक ओढू का?" मी त्या दिवशी कावलेला होतो. सोमवार होता, नुकताच घरी फोन झाला होता आणि टीव्हीवर कसलीतरी जाहिरात मोठ्यानं वाजली होती. मी मान वर न करता म्हणालो, "नाही."

काकांनी बिडी कट्ट्यात परत खोचली. "बरं," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टेचाच भाग आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, मी परत नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी काकू जिना चढून वर आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मामाजी, तुम्ही त्यायले काय केलं? दोन दिवसांपासून घरात धूर नाही." आठवडा गेला. काका चिडचिडे झाले, शेळीवर ओरडले, चिवडा खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतलं, पण बिडी ओढली नाही. मी घाबरून त्यांना म्हणालो, काका, मी सहज म्हणालो होतो.

"सहज कायले म्हनता?" ते म्हणाले. "मी पोटात होतो तेव्हाच माहा बाप गेला. मले जिंदगीत कोनी बापासारखं 'नाही' म्हटलं नाही. बायको म्हनते, डेपो म्यानेजर म्हनायचा, पन ते वेगळं. तुम्ही पाहिलंही नाही माह्याकडं आन् म्हटलं, नाही. तसंच म्हनत असतीन ना बाप?"

मी म्हणालो, हो, तसंच म्हणतात.

आता खरं सांगायचं तर मला याचा फार आनंद झाला, आणि तो आनंद काही शुद्ध नव्हता. तंबाखू सोडणं ही आमच्याकडं धर्मात येण्याची मोठी पायरी असते. नऊ महिन्यांत आमच्या अहवालात शेळीशिवाय कोणी पाहुणा नव्हता. मी वरिष्ठांना कळवलं की एक गृहस्थ प्रगती करत आहेत. वरिष्ठांनी आमच्यासाठी उपास ठेवला. जोडीदार तर बाप्तिस्म्याच्या तयारीला लागला. आमच्यात माणूस पूर्ण पाण्याखाली जावा लागतो, म्हणून तो गावाबाहेरच्या तलावात खोली मोजायला टायसकट उतरला. तिथं शिंगाड्याचं पीक लावलेलं होतं. तळपायात काटे भरून तो लंगडत वर आला आणि तलाव राखणाऱ्या माणसानं त्याला शिंगाडाचोर म्हणून बसवून ठेवलं. मी काठावरून पळत जाऊन सोडवलं. छातीवरची पाटी बघून तो माणूस म्हणाला, "वडील आले म्हनून सोडतो. पोराले सांभाळा."

काकांना मी तीन संध्याकाळी धर्म समजावला. त्यांनी सगळं ऐकलं, मधून मधून हूं केलं. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही वडील म्हनून सांगता का देवाकडून सांगता?"

"देवाकडून."

"मंग राहू द्या. देव माह्याकडं आहेत, ते पुरतात. मी बिडी सोडली ते वडील म्हनाले म्हनून. पान्यात गियात नाही बुडत मी, मले सर्दी होते."

त्या रात्री मी गुडघे टेकले आणि काही सुचेना. मी देवाचा निरोप्या म्हणून आलो होतो. देवाचा निरोप कोणी घेत नव्हतं आणि बस स्टँडवरच्या नंबरप्लेटवाल्याची चूक मात्र माणसाची पन्नास वर्षांची सवय सोडवत होती. मला देवावर हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. श्रद्धा म्हणजे काय ते मला त्या वयात पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी ओट्यावरून घरी फोन लावला. रेंज तिथंच यायची. आई बोलली, टीव्ही वाढला, फोन संपला. काका खाटेवर बसून ऐकत होते.

"तुमच्या बाबाशी नाही बोललात?"

"ते बोलत नाहीत माझ्याशी."

"काहून?"

मी सांगितलं. कसं ठरवलं, कसं कळलं, चौदा महिने कसे गेले. सांगताना माझा आवाज चिरकला आणि मला त्याचा राग आला. काका बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, "तुम्ही माहे वडील. तं तुमचे वडील माहे आजोबा झाले. मी आजोबाले कधी भेटलोच नाही."

त्यानंतरच्या सोमवारी मी आईशी बोलत असताना त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि गाडीच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "बाई, जरा आजोबाले द्या."

आई म्हणाली, "कोण आजोबा?"

"घरात जो मानूस टीव्ही पाहून राहिला, तो."

टीव्हीचा आवाज कमी झाला. इतके महिने वाढतच जायचा तो आवाज कमी होताना मी पहिल्यांदा ऐकला. मग काहीतरी सरकल्याचा आवाज, आणि मग पप्पा. "कोण बोलतंय?"

"तुमचा नातू जी, साकोलीवरून," काका म्हणाले. पप्पा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. "तक्रार आहे. तुमचं पोरगं मले बिडी ओढू देत नाही. बावीस दिवस झाले. तुम्ही मोठे आहा, तुम्ही त्याले सांगा."

मला वाटलं, पप्पा फोन ठेवणार. जोडीदारानं माझा दंड घट्ट धरला होता. मग 'कोण बोलतंय' सोडलं तर चौदा महिन्यांनंतर माझ्या वडिलांच्या तोंडचं पहिलं वाक्य मी ऐकलं.

"बिडीशिवाय सकाळी पोट साफ होतं का?"

"तेच तं," काका म्हणाले. "नाही होत."

पुढची वीस मिनिटं त्या दोघांनी पोटावर चर्चा केली. पप्पांनी इसबगोल सांगितलं, काकांनी अंबाडीची भाजी सांगितली. पप्पांनी विचारलं, डोकं जड होतं का, हात चाळवतात का, जेवल्यावर जास्त आठवण होते का. मी तिथं हातभर अंतरावर उभा होतो. माझी चौकशी झाली नाही. शेवटी पप्पा म्हणाले, "चिकाटी आहे तुमची," आणि फोन ठेवला.

मग तो नेमच झाला. दर सोमवारी आई दोन शब्द बोलायची आणि "देते" म्हणायची, आणि मी फोन काकांना द्यायचो. पप्पा मधल्या वारीही काकांना फोन करू लागले. मला मात्र इतर दिवशी बोलायची परवानगी नव्हती. काका निरोप आणायचे. "आजोबा विचारून राहिले, पोट्टं नीट जेवते का?" "आजोबा म्हनाले, तिकडं थंडी पडते, अंगावर घ्यायले आहे का?" मी निरोपाला निरोप द्यायचो. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये एकाहत्तर वर्षांचा नातू फेऱ्या मारत होता. मला बरं वाटायला हवं होतं. मला हेवा वाटत होता. माझ्या प्रार्थनेचं फळ दुसऱ्याच्या पत्त्यावर पोचत होतं, माझ्या पाट्या सांगोल्याला गेल्या तसं.

थंडी सरत आली तेव्हा मला बदलीचा निरोप आला. आठ दिवसांत विशाखापट्टणमला जायचं. जोडीदार मागंच राहणार होता, त्याला दुसरा जोडीदार मिळणार होता. त्या आठवड्यात काकांनी बिडी ओढली. धानाच्या गिरणीमागं उभं राहून ओढली, काकूंना वासावरून कळलं. संध्याकाळी ते ओट्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले, बसले नाहीत.

"ओढली मी," ते म्हणाले. "एक नाही, तीन."

मी म्हणालो, "असू द्या काका. होतं असं. इतके दिवस सोडली होती, तेच खूप आहे."

ते उभेच राहिले. "रागवा ना जी."

"तुम्ही मोठे आहात. मी कसा रागावू?"

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं, मी समजूतदारपणा दाखवतोय. ते म्हणाले, "हे काय वडीलपन झालं? जायची गाडी आली तं तुम्ही हात सोडून दिला." आणि आत निघून गेले. काकूंनी त्या दिवशी मला मामाजी म्हटलं नाही, आणि पहिलं ताटही काकांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, माझा साकोलीतला शेवटचा. मी फोन लावला आणि न बोलता काकांकडं दिला. त्यांनी पप्पांना सगळं सांगितलं. बिडी कुठं ओढली, किती ओढल्या. मग म्हणाले, "आजोबा, तक्रार बिडीची नाही. तुमचं पोरगं रागवत नाही. मी समोर उभा राहिलो, तरी रागवत नाही."

पलीकडं टीव्ही बंद होता. पप्पा म्हणाले, "फोन त्याला द्या."

काकांनी स्पीकर बंद केला, फोन माझ्या हातात ठेवला आणि जोडीदाराला घेऊन अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी फोन कानाला लावला. हॅलो म्हणालो.

"का रागावला नाहीस?" पप्पांनी विचारलं.

"ते मोठे आहेत, पप्पा."

"पहिल्या दिवशी नाही म्हणालास, तेव्हा लहान होते का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू आणि तुझी आई रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून निघायचात," पप्पा म्हणाले. ते कधी इतकं बोलायचे नाहीत. थांबत थांबत बोलत होते, जणू एकेक वाक्य आधी मनात वाचून बघत होते. "मी दारातच बसलेला असायचो, तंबाखू मळत. माझ्या पायांवरून ओलांडून जायचात. चहाची पावडर घरात माझ्या एकट्यासाठी यायची. नऊ वर्षं. कधी एकदा म्हणालास का, पप्पा, हे सोडा? पप्पा, तुम्ही पण चला? लोकांना सांगायला पार तिकडं गेलास. मला एकदा सांगितलं नाहीस."

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो. मग?"

मी एवढी वर्षं समजत होतो की माझ्या धर्मावर त्यांचा राग आहे. आई आणि मी त्यांना घाबरायचो, आणि त्या घाबरण्याला आम्ही आदर म्हणायचो. त्यांना आम्ही आमच्या हिशेबातून कधीच वगळून टाकलं होतं, आणि ते दारात बसून रोज ते बघत होते. मला रडू आलं. अंगणाच्या टोकाला जोडीदार आणि काका आमच्याकडं पाठ करून शेळीकडं बघत उभे होते. ते ऐकत नाहीयेत असं दाखवत होते.

"पप्पा," मी म्हणालो, "तंबाखू सोडा."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पंधरा महिने आणि त्याआधीची नऊ वर्षं मी तो इतक्या जवळून ऐकलेला नव्हता.

"नाही सोडत," पप्पा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या सोमवारी परत विचार."